हसण्याचं बिल कोणाच्या नावावर? दुकानाच्या कार्यक्रमासाठी कॉमेडी निवडताना



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या वर्धापनदिनाचं बजेट कसं काढायचं ते बघितलं. हॉल, नाश्ता, गिफ्ट, फ्लेक्स, सगळ्याचा हिशोब फळ्यावर मांडला. त्यात 'मनोरंजन' अशी एक ओळ होती. तिथे मी फक्त एक आकडा टाकला आणि पुढे गेले. खरं सांगू का, मुद्दाम पुढे गेले. कारण त्या ओळीवर माझं स्वतःचं मोठं नुकसान झालेलं आहे आणि ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. म्हणून आजचा हा लेख.

आजकाल दुकानाचा वाढदिवस असो, डीलर मीट असो, बचत गटाचा मेळावा असो, सगळ्यांना स्टँडअप कॉमेडी हवी असते. ऑर्केस्ट्रापेक्षा स्वस्त पडते, एक माईक आणि एक माणूस, बस्स. कल्पना चांगलीच आहे. पण माणूस कसा निवडायचा? पोट धरून हसवेल आणि कोणाचं मनही दुखावणार नाही, असा विनोद शोधायचा कुठे? हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बीबीएच्या पुस्तकात तर नव्हतंच.

माझ्याकडून काय चुकलं

माझं दुकान कराडात आहे, लेडीज कुर्ती आणि ड्रेस मटेरियलचं. पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी ठरवलं, या वेळी काहीतरी वेगळं करायचं. ऐंशी नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावलं. शहरातून एक कॉमेडियन ठरवला, बारा हजार रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च. निवडला कसा? मोबाईलवर त्याची एक चाळीस सेकंदांची रील बघितली, खूप हसले आणि अ‍ॅडव्हान्स पाठवून दिला. दुकानात दोनशे रुपयांची कुर्ती घेताना मी शिवण उलटी करून बघते. इथे बारा हजारांचा माल मी घडी न उलगडता घेतला.

कार्यक्रम सुरू झाला. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग तो स्टेजवरून खाली उतरला आणि समोर बसलेल्यांशी बोलायला लागला. पहिल्या रांगेत आमच्या एक काकू बसल्या होत्या. दुकान उघडलं त्या दिवशी माझी बोहनी त्यांनीच केली होती. नवरात्रात नऊ रंगांच्या कुर्त्या घ्यायला त्या अख्खा बचत गट घेऊन यायच्या. अंगाने जरा भरलेल्या. तो त्यांच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "काकू, ताई तुम्हाला कुर्ती शिवून देतात का मांडव?"

हॉल हसला. काकूही हसल्या. आणि मीही हसले.

त्यानंतर चार महिने काकू दुकानात आल्या नाहीत. मला वाटलं, गावाला गेल्या असतील. नवरात्र आलं. नऊ रंगांचा माल भरून ठेवला होता, बचत गटातली एकही बाई फिरकली नाही. दसऱ्यानंतर हिशोबाला बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, इकडचं तिकडचं बोलल्या. शेवटी मीच विषय काढला. त्या म्हणाल्या, "अगं, तो पोटासाठी बोलला. त्याची माझी ओळख ना पाळख. पण तू हसलीस गं."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझ्या दुकानात ट्रायल रूममधून बाहेर येताना मला कधी लाज वाटली नव्हती."

आपल्याकडे म्हणतातच, मस्करीची कुस्करी होते. माझी झाली ती अशी. कपड्याच्या दुकानात बाईचा साइज ही तिने आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली गोष्ट असते. ती मी माईकवर वाजवू दिली. नवरात्राचा धंदा बुडाला तो पुढच्या वर्षी भरून काढता आला. हे नाही काढता आलं.

त्या दिवसापासून मी विनोदाकडे दुकानदाराच्या नजरेने बघायला लागले. माझ्यापुरता एक नियम सापडला: प्रत्येक हसण्याचं बिल कोणाच्या तरी नावावर फाटतं. हसताना एवढंच बघायचं, की ते कोणाच्या नावावर फाटलं.

'क्लीन' म्हणजे मन न दुखावणारं, असं नाही

पहिला गैरसमज इथे दूर करूया. आपण कॉमेडियनला सांगतो, "शिव्या नकोत हं, फॅमिली ऑडियन्स आहे." तो म्हणतो, "हो ताई, क्लीन सेट करतो." आपण निर्धास्त होतो. मलाही माझ्या कॉमेडियनने हेच सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलला नव्हता. पाऊण तासात त्याने एकही शिवी दिली नाही. 'मांडव' या शब्दात शिवी कुठे आहे?

ओटीटीवर कार्यक्रमाआधी यू, यूए १३+, यूए १६+, ए अशी खूण येते, बघितलंय ना? २०२१च्या नियमांनंतर ही वर्गवारी आली. शिव्या, हिंसा, नको ती दृश्यं, कोणत्या वयाला काय चालेल, हे त्यातून कळतं आणि त्याचा उपयोगही आहे. पण एखाद्याच्या काळ्या रंगावर, टकलावर, बोबड्या बोलण्यावर, मूल नसण्यावर, कामवाल्या बाईच्या भाषेवर केलेला विनोद त्या चाळणीतून सहज खाली पडतो. शब्द स्वच्छ असतात, घाव तसाच बसतो.

उलटही असतं बरं का. एखादा गावरान कथाकथनकार भर सभेत एखादा ठसकेबाज शब्द वापरतो, आजी पदर तोंडाला लावून हसते आणि कोणालाच काही लागत नाही. म्हणून फक्त शब्द तपासू नका, दिशाही तपासा.

मराठीत याला किती नेमके शब्द आहेत बघा. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी आणि कुचेष्टा. थट्टेत दोघं हसतात. कुचेष्टेत एक हसतो आणि दुसरा हसल्यासारखं करतो. आपल्याला थट्टा विकत घ्यायची आहे. दुकानदाराने कुचेष्टेचा माल भरू नये.

चांगला माल आपल्याकडे आधीपासून आहे

काही जण म्हणतात, "ताई, एवढं बघत बसलं तर हसायचं कशावर? सगळाच विनोद अळणी होईल." मलाही आधी तसंच वाटायचं. पण एका माणसाने माईकसमोर उभं राहून हॉलभर लोकांना हसवायचं, हे मराठी माणसाला स्टँडअप हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. जरा आठवून बघा.

पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' आणि 'असा मी असामी' रंगमंचावर एकट्याने उभे केले. 'असा मी असामी'मधला निवेदक कोण? साधा कारकून. सगळी फजिती त्याची स्वतःची. चाळीतल्या लोकांची थट्टा होते, पण सांगणारा स्वतः त्याच चाळीत राहतो, वरच्या गॅलरीतून बोट दाखवत नाही. पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर यांच्यावर पुलंनी केलेली थट्टा सगळ्यांना माहीत आहे. ती ऐकताना सगळ्यात मोठ्याने हसतात ते पुणेकरच! कारण त्यात त्यांच्या सवयींचं इतकं बारीक निरीक्षण आहे, की आपल्याकडे कोणीतरी लक्ष देऊन बघितलंय असं वाटतं.

राम नगरकर यांची 'रामनगरी' आठवा. आधी आत्मकथन, मग त्याचे एकपात्री प्रयोग. नाभिक समाजातला माणूस, वस्तरा-कात्रीचा व्यवसाय, घरची ओढाताण, नाटकाचं वेड. लोकांनी ज्या गोष्टींवरून त्यांना हिणवलं असतं, त्याच गोष्टी त्यांनी स्वतःच्या तोंडाने, ताठ मानेने सांगितल्या आणि हसवलं. बिल स्वतःच्या नावावर फाडलं आणि फाडताना आपला भाव कमी होऊ दिला नाही. आपल्यासारख्या छोट्या व्यावसायिकांनी तर 'रामनगरी' जरूर वाचावी.

लक्ष्मण देशपांडे हे नाट्यशास्त्राचे प्राध्यापक. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ते एकटे बावन्न पात्रं उभी करायचे आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. खेड्यातली माणसं लग्नासाठी लंडनला निघतात, विमानात बसतात, गोंधळ घालतात. अशा विषयात 'गावठी' म्हणून हिणवणं किती सोपं होतं! पण मराठवाड्याच्या बोलीतली ती माणसं इतकी जिवंत आहेत, की आपण त्यांच्या बाजूने हसतो.

द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी कथाकथन केलं. लग्नाच्या वयाची मुलं, आजोबा, सासू-सून एकाच सतरंजीवर बसून ऐकायचे. कोणाला उठून जावं लागायचं नाही.

आणि त्याच्याही मागे जायचं तर वगातला सोंगाड्या बघा. तो कोणाची फिरकी घेतो? राजाची, प्रधानाची, हवालदाराची. ज्याच्या हातात दांडका आहे त्याची. म्हणजे टोचायचंच नाही असं अजिबात नाही. जोरात टोचा, पण टोचणी वरच्या दिशेने जाऊ द्या. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याकडे नको.

आज शोधायचं कुठे?

'भाडिपा', म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी, २०१६ साली सुरू झालं आणि मराठी तरुण मुलांना स्टँडअप आपल्या भाषेत बघायची सवय लागली. त्यांची 'आई आणि मी' ही मालिका बघा. आई आणि मुलाच्या घरगुती कुरबुरी, त्यात आईही हसते आणि मुलगाही. हिंदीत झाकीर खान बघा. इंदूरचा मुलगा, २०१७मध्ये 'हक से सिंगल' आला. छोट्या शहरातल्या मुलाचं प्रेमात आपटणं, मित्र, वडील, सगळी फजिती स्वतःची. २०२५मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत कार्यक्रम केला. घरच्या गोष्टी सांगून इतकं लांब जाता येतं.

एक लक्षात ठेवा, या कोणाचाही प्रत्येक व्हिडिओ घरच्यांसमोर लावण्यासारखा असेलच असं नाही. एकाच कलाकाराचे वेगवेगळ्या प्रेक्षकांसाठी वेगवेगळे सेट असतात. कलाकारावर शिक्का मारू नका, सेट तपासा.

तुमच्या बजेटचा माणूस मात्र बहुतेक वेळा जवळच सापडेल. कथाकथन करणारे शिक्षक, कॉलेजच्या एकपात्री स्पर्धेत बक्षीस मिळवलेली मुलं, हौशी नाटकमंडळीतले लोक, गणेशोत्सवात सूत्रसंचालन करणारे. मोठ्या शहराजवळ असाल तर ओपन माईकला जाऊन बसा. तिथे नवे-जुने कलाकार चार-पाच मिनिटांचं नवं साहित्य घासून बघतात. निम्मे विनोद पडतात, ते तसंच असतं. पण विनोद पडल्यावर तो माणूस काय करतो ते बघा. स्वतःवर हसतो, की समोरच्या कोणाला तरी पकडतो? हे तुम्हाला कुठल्याही रीलमध्ये दिसणार नाही.

रीलवरून आठवलं. कॉमेडियन रीलमध्ये जास्त करून 'क्राउड वर्क' टाकतात, म्हणजे प्रेक्षकांशी मारलेल्या गप्पा. का? लिहिलेले विनोद आधीच फुकट दाखवले तर तिकीट काढून कोण येणार? धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आपल्यासाठी अर्थ असा, की रील बघून तुम्हाला त्याचं लिहिलेलं काम कळत नाही. कळतो तो भाग सगळ्यात बेभरवशाचा. म्हणून कमीत कमी वीस मिनिटांचं, न कापलेलं रेकॉर्डिंग मागा आणि आवाज चालू ठेवून पूर्ण बघा.

निवड करताना चार प्रश्न

रेकॉर्डिंग बघताना वही घेऊन बसा. प्रत्येक मोठ्या हशाला थांबवा आणि विचारा:

१. बिल कोणाच्या नावावर फाटलं? स्वतःच्या, ताकदवान माणसाच्या, की समोर गप्प बसलेल्या माणसाच्या? तीन रकाने करा आणि खुणा करत जा. वीस मिनिटांत तिसऱ्या रकान्यात पाच-सहा खुणा झाल्या तर तो माल आपला नाही.

२. ज्यावर हसलो, ते त्या माणसाने स्वतः निवडलंय का? घासाघीस करणं, 'फिक्स रेट'ची पाटी लावून भाव कमी करणं, उशिरा येणं, फुकटचा सल्ला देणं या माणसाच्या सवयी आहेत. त्यांच्यावर हसायला हरकत नाही. रंग, उंची, जाडी, जात, तोतरेपणा, विधवा असणं, मूल नसणं हे कोणी निवडत नाही. तिथे हात घातला की थट्टेची कुचेष्टा होते.

३. ते लेबल काढलं तर विनोद उरतो का? विनोदातून आडनाव, गाव, जात किंवा 'जाडी बाई' काढून बघा. गोष्ट तरीही मजेशीर राहिली तर त्यात दम आहे. काहीच उरलं नाही तर तो विनोद नव्हता, नुसतं लेबल होतं.

४. तो माणूस दुसऱ्यांदा येईल का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पूर्वी मी म्हणायचे, ज्याच्यावर विनोद झाला तो हसला म्हणजे झालं. पण काकूही हसल्या होत्या! ऐंशी माणसांत एकटी बाई दुसरं करणार काय? म्हणून हशावर विश्वास ठेवू नका. पहिली विक्री कोणालाही करता येते, खरा धंदा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो. विनोदाचंही तेच आहे.

बुकिंगचा फोन

माणूस पसंत पडला की फोनवर मोकळेपणाने बोला. लाजू नका. 'आमच्यासाठी जरा सांभाळून करा' असं गुळमुळीत बोललात तर त्याला काहीच कळणार नाही. असं सांगा:

- समोर कोण बसणार आहे: किती बायका, किती पुरुष, वयं काय, लहान मुलं आहेत का.
- कोणते विषय नकोत: शरीर, रंग, जात-धर्म, नवरा-बायकोचे खासगी विषय. आणि तुमच्या दुकानाशी जोडलेला एक खास विषय. माझ्याकडे तो साइज आहे. चष्म्याच्या दुकानात नजर, मेडिकलमध्ये आजार, सोनाराकडे कोणी किती तोळे घेतलं आणि कोणी मोडलं.
- क्राउड वर्क करायचं की नाही. करायचं असेल तर फक्त मालकाशी, म्हणजे तुमच्याशी. तुमची फजिती करायला त्याला पूर्ण परवानगी द्या.
- हे सगळं ठरल्यावर एक साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज करून ठेवा. वेळ, मानधन, विषय. तोंडी ठरलेलं दोघंही विसरतात.

आणि एक खूण सांगते. चांगला विनोद करणारा माणूस तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो. सातव्या वर्धापनदिनाला मी तालुक्यातल्याच एका शिक्षकांना बोलावलं. त्यांनी पैशांच्या आधी विचारलं, "समोर कोण बसणार आहे? दुकानात रोज काय काय घडतं?" एक दिवस येऊन काउंटरपाशी तासभर बसले, चहा प्यायले, निघून गेले. आणि कार्यक्रमात त्यांनी माझीच अशी नक्कल केली! 'तुमच्यासाठी म्हणून शेवटचा भाव' हे वाक्य मी एका तासात किती वेळा म्हणते, 'रंग जाणार नाही, माझी गॅरंटी' म्हणताना नजर कशी चुकवते. माझा स्टाफ तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. बिल पूर्णपणे माझ्या नावावर. आणि खरं सांगते, त्या कार्यक्रमानंतर गिऱ्हाइकं माझ्याशी जास्त मोकळी झाली. अजूनही कोणीतरी विचारतं, "ताई, हा शेवटचा भाव कितवा?"

एक शंका हमखास येते, राजकीय विनोदाचं काय? तो स्टँडअपचा हक्काचा भाग आहे. तिकीट काढून जाऊन बघा, पटलं तर टाळ्या वाजवा, नाही पटलं तर पुन्हा जाऊ नका. पण तिकीट काढलेला माणूस स्वतः निवड करून आलेला असतो. तुमच्या कार्यक्रमाला आलेला माणूस तुमच्या शब्दाखातर आलेला पाहुणा असतो. त्याला तिथून उठून जाणं अवघड असतं. तिकीटवाल्याला चालेल ते पाहुण्याला चालेलच असं नाही. हा फरक विसरू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी

- खुर्च्या जवळजवळ लावा. मोठ्या हॉलमध्ये विखरून बसलेली माणसं हसत नाहीत, हसू शेजाऱ्याकडून येतं.
- कॉमेडी जेवणाच्या आधी ठेवा. हातात प्लेट आली की लक्ष प्लेटकडे जातं.
- माईक आणि स्पीकर आधी तपासा. शेवटच्या रांगेत शब्द पोचला नाही तर पंचलाइन वाया जाते, आणि मग कलाकार घाबरून समोरच्यांना पकडायला लागतो.
- पहिल्या रांगेत स्वतः बसा, घरच्यांना बसवा. गिऱ्हाइकाला ढाल करू नका.
- कलाकारासोबत एक खूण ठरवा. मी पाण्याची बाटली उचलून दाखवते, म्हणजे 'हा विषय सोडा'. आजवर एकदाच उचलावी लागली.

आणि तरीही चुकलंच तर?

माणूसच आहे, चुकतो. तेव्हा दोन गोष्टी करा. एक, तुम्ही हसू नका. मालक हसला की त्या विनोदावर दुकानाचा शिक्का बसतो. दोन, त्याच दिवशी त्या माणसाला भेटा, चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं म्हणू नका, त्यात 'असेल तर' आहे. "हे चुकलं आणि कार्यक्रम माझा होता" एवढंच म्हणा. गिफ्ट कूपन देऊ नका. अपमानावर डिस्काउंट दिला की अपमान दुप्पट होतो. मी चार महिने उशिरा गेले. तुम्ही तसं करू नका.

आजचा गृहपाठ

तुम्हाला आवडणाऱ्या कोणत्याही कॉमेडियनचा वीस मिनिटांचा व्हिडिओ घ्या, वहीत ते तीन रकाने आखा आणि प्रत्येक हशाची खूण करा. मग तोच प्रयोग स्वतःवर करा. गेल्या आठवड्यात दुकानात, स्टेटसवर, स्टाफसमोर तुम्ही जे जे विनोद केलेत, ते कोणत्या रकान्यात जातात? मी केला तेव्हा माझ्या तिसऱ्या रकान्यात, जिथे बिल गप्प बसणाऱ्याच्या नावावर फाटतं, तिथे चार खुणा निघाल्या. चारही आमच्या मदतनीस मुलीवर केलेल्या. त्या दिवशी तिच्याशीही बोलावं लागलं.

काकूंचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. सातव्या वर्धापनदिनाला मी स्वतः बोलवायला गेले. आल्या. शेवटच्या रांगेत बसल्या. माझ्या नकलेला मनापासून हसल्या, ते मी स्टेजच्या बाजूने बघत होते. आता त्या दुकानात येतात, नऊ रंगही घेऊन जातात. पण ट्रायल रूममध्ये जात नाहीत. "घरी घालून बघते गं," म्हणतात आणि पिशवी उचलतात. मीही आग्रह करत नाही.

चला, भेटूया पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, दिवाळीचा माल कधी भरायचा. तोपर्यंत हसत राहा आणि बिल आपल्या नावावर फाडा!